हिरे आणि कवेलू

डाखरे सरांच्या सेवापूर्तीचा गौरव अंक निघतो आहे. त्यासाठी मी लेख द्यावा म्हणून परवा तिसऱ्यांदा फोन आला. "मॅडम, तुम्ही तीन वर्षं सरांसोबत काढली. पाचशे शब्द द्या. चांगलं चांगलं लिहा." मी बसले लिहायला. अक्षर मोत्यासारखं, शर्टाला कडक इस्त्री, शाळेत घड्याळाच्या आधी हजर, दारू नाही, खर्रा नाही. इथवर आले आणि चांगलं संपलं. पाचशे शब्द कुठून आणू बाप्पा? म्हणून अंकाला मी काही पाठवणार नाही, जे आहे ते इथं लिहिते. लोक म्हणतील, बाई सरांवर दात धरून आहे. धरलाच आहे. कोणत्या दातावरून धरला, तेवढं फक्त सांगायचं आहे.

गाव केळापूर तालुक्यातलं, पांढरकवड्याहून काळी-पिवळी जीपनं पाऊण तासाचं. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. शिक्षक दोन, मुख्याध्यापक डाखरे सर आणि मी. पोट्टे चाळीसेक. सर उंच, गोरे, छातीचा कोट. हसले की आधी दात दिसत, मग सर. दात एकसारखे, ओळीत, दिवाळीत चुना मारलेल्या भिंतीसारखे पांढरेफेक. त्या दातांचा त्यांना भारी अभिमान. कुणी साहेब आला की सर काही कारण नसताना हसत.

दुसऱ्या शाळांत परिपाठाला सुविचार असतो, दिनविशेष असतो. आमच्याकडे राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना आणि नंतर 'ईऽऽ' असायचं. सर फूटपट्टी घेऊन रांगेसमोर उभे राहत आणि गरजत, "दात दाखवाऽऽ!" चाळीस पोरं ओठ फाकवून "ईऽऽ" करत. सर एकेकापुढून चालत जात. पांढरे दात दिसले की फूटपट्टी डोक्यावर हलकेच टेकवून म्हणत, "हिरा." पिवळे, तपकिरी, पट्टे पडलेले दिसले की, "कवेलू. हो तिकडं." कवेलू म्हणजे आमच्याकडे घरावरची मातीची कौलं. हिरे उजव्या बाजूला, कवेलू डाव्या. हिऱ्यांना सरांच्या पत्र्याच्या डब्यातून एकेक टॉफी. कवेलूंना हातपंप.

हातपंपाजवळ सरांनी एका फुटक्या टोपल्यात विटेचा चुरा करून ठेवला होता. कवेलूंनी तो बोटावर घ्यायचा आणि दात घासायचे. सर स्वतः मोजायचे, शंभरपर्यंत. "घासा लेकाचे हो! तुमच्या मायबापानं कधी दात घासले नाई, तं तुमचे कुठून चमकतीन?" हिरड्यातून रक्त यायचं. लाल थुंकी पडायची, आणि सर म्हणायचे, "पाह्य, घाण निघून राह्यली."

मी नवीन होते. पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, हे डाग घासून जातील का?"

"काहून नाई जाणार? मळ हाय तो. आळसाचा मळ."

आळसाचा मळ! त्या पट्ट्यात किती गावांचं पाणी असं आहे, हे शेंबडं पोर सांगेल. पाण्यातच फ्लोराईड जास्त. लहानपणी ते पाणी पोटात गेलं की दात येतात तेच डाग घेऊन. आणि तेही गावात सगळ्यांचे नाहीत. ज्यांच्या घरी फिल्टरच्या पाण्याचे जार येत, त्यांची पोरं हिरे. जी मोहल्ल्यातल्या हातपंपावर वाढली, ती कवेलू. म्हणजे आमच्या परिपाठात घरची परिस्थिती तपासली जायची आणि नाव व्हायचं स्वच्छतेचं. बरं, शाळेतल्या त्या हातपंपाच्या दांड्यावरसुद्धा पाणी तपासणाऱ्या लोकांनी लाल रंग मारून ठेवला होता. पिऊ नका, अशी खूण. मी सरांना दाखवली.

"मले दिसते मॅडम, आंधळा नाई मी."

पुढच्या महिन्यात सुंदर शाळेची स्पर्धा आली. सरांनी पेंटर बोलावला. भिंतींवर झाडं, पक्षी, बाराखडी आली, आणि हातपंप आकाशी रंगाचा झाला. त्यावर पांढरी फुलं. लाल खूण गेली. मी विचारलं तर म्हणाले, "लाल रंग वाईट दिसते मॅडम. पाहुण्यायच्या डोळ्यात खुपते." यात काही डाव नव्हता हो. तेवढी अक्कल असती तर मी त्यांना निदान पाजी तरी म्हटलं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की जे दिसत नाही ते नसतं. अशा माणसाला शिव्या घालायलासुद्धा जीव थकतो.

आता सोनल. सोनल आत्राम, दुसरीतली. बाप ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, माय निर्मला कापूस वेचायला, निंदायला जाणारी. पाढ्यांत सोनलचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. सतराचा पाढा उलटा म्हणायची. पण म्हणताना तोंडावर हात. सर विचारायचे, ती हाताआडून उत्तर द्यायची, आणि सर म्हणायचे, "बरोबर. पण टॉफी हिऱ्यालेच भेटन." मग मधल्या सुट्टीत सरपंचाचा पुतण्या आर्यन, जो पक्का हिरा होता आणि ज्याला सातचा पाढा येत नव्हता, आपली टॉफी अर्धी चावून तिला द्यायचा. त्याबदल्यात ती त्याची गणितं सोडवायची. रोजचा करार होता तो.

एक दिवस वर्गात ती गाल धरून बसलेली. "मॅडम, इथं ठणकते." मी तोंड उघडायला लावलं. खालच्या बाजूला, सगळ्यात मागच्या दाढेवर, मध्यभागी एक काळा ठिपका. मोहरीएवढा. पिवळ्या डागांशी त्याचा काही संबंध नव्हता. भोकच होतं ते. मी मधल्या सुट्टीत सरांना सांगितलं.

सर खिचडी खात होते. खाताना त्यांची एक तऱ्हा होती. तोंडासमोर रुमाल धरायचे, घास डाव्या गालात फिरवत राहायचे, पेरू-भुईमुगाच्या वाटेला जायचे नाहीत. तोंडातला घास संपवून त्यांनी मला त्यांचं जगप्रसिद्ध वाक्य ऐकवलं. हे वाक्य ते पालकसभेत म्हणत, केंद्राच्या बैठकीत म्हणत, एकदा तर एका तेरवीत म्हणाले होते.

"मॅडम, दुधाचा दात म्हणजे किरायदार. त्याले कायले रंगरंगोटी करता? आज ना उद्या तो घर खाली करून जाते, अन् घरमालक येते. पक्का दात."

"पण ही दाढ दुधाची आहे का?"

"सात वर्षाच्या पोट्टीच्या तोंडात पक्की दाढ कुठून येईन? तिचा जुना पडला का तिथला? नाई ना? मंग? जुना पडल्याशिवाय नवा येते का?"

मला वाटलं, बरोबर आहे. मी डी.एड. झालेली बाई, मलाही वाटलं, बरोबर आहे.

त्याच हिवाळ्यात सरकारी दवाखान्यातून दात तपासायला डॉक्टर येणार असं पत्र आलं. सरांच्या अंगात आलं. शाळा झाडली, रांगोळी काढली, 'आमचे हिरे' असा फळा लिहिला. आदल्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, उद्या तुम्ही कवेलू पार्टी घेऊन शेतात जा. परिसर अभ्यास. कापूस वेचणी दाखवा पोरायले."

कापूस वेचणी! त्या अकरा पोरांपैकी नऊ जणांच्या माया तेव्हा वावरात कापूसच वेचत होत्या. त्यांना काय दाखवायचं?

"सर, निदान सोनलला तरी ठेवू. तिची दाढ दाखवता येईल."

"एक कवेलू दिसला ना, की मंग सारं छप्पर दिसते." आणि हसले. आधी दात, मग सर.

मी गेले. अकरा पोरं घेऊन, रांग करून, 'एक साथ नमस्ते'च्या चालीवर पाढे म्हणत गेले. मी नवी होते, बदलीची भीती होती, गोपनीय अहवाल सरांच्या हातात होता, सगळं खरं आहे. पण गेले, हेही खरं आहे. सोनल माझ्या बाजूनं चालत होती. तिनं विचारलं, "मॅडम, डॉक्टरबाई आज येऊन राह्यली ना? मले दाखवाचं होतं." मी म्हटलं, पुढच्या वेळी.

त्या दिवशी शाळेत काय झालं ते मला खिचडी करणाऱ्या शांताताईंनी सांगितलं, आणि त्यांनी ते वर्षभर ज्याला त्याला सांगितलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, केस आवळून बांधलेले, बोलायला फटकळ. त्यांनी पहिलाच हिरा खुर्चीत बसवला, आर्यन. समोरचे दात झकास. टॉर्च मागे नेला आणि बाई मोजायला लागल्या. चार दाढा पोखरलेल्या. दुसरा हिरा, दोन. तिसरा, तीन. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय खातोस रे रोज?" आर्यननं इमानदारीत बोट केलं पत्र्याच्या डब्याकडे. "सर देते. दात पांढरे हायेत म्हणून."

शांताताई म्हणाल्या, "मॅडम, मी पदर तोंडात कोंबला."

सर वाद घालायला लागले. "पण मॅडम, दात पांढरे हायेत का नाई? तुमीच सांगा."

"पांढरे आहेत."

"मंग झालं!"

"सर, घुशीनं भिंत आतून पोखरली असली तर वरून चुना मारून ती उभी राहते का? चिकट गोड रोज देऊ नका. रात्री झोपायच्या आधी घासायला सांगा, नुसतं सकाळी नको. आणि तो विटेचा चुरा फेका आधी, दाताची वरची चकाकी घासून टाकतो." मग त्यांनी पटावर नजर टाकली. "पटावर चाळीस आहेत. बाकी कुठं आहेत?"

"बाकी आज गैरहजर हायेत. वेचणीचे दिवस," सर म्हणाले.

मी परत आले तेव्हा डॉक्टरबाईंची गाडी गेली होती. चुरा दोन दिवस बंद राहिला, तिसऱ्या दिवशी टोपलं परत भरलं. टॉफीचा डबा तर एक दिवससुद्धा बंद नव्हता.

सरांबद्दल मला दया यायला पाहिजे होती, अशी एक गोष्ट मला कळली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्या घरी पांढरकवड्याला गेले होते. भिंतीवर लग्नाचा फोटो. काकू हसताहेत, पदर सावरताहेत. सर, पंचविशीतले, ओठ घट्ट मिटून, जणू तोंडात पाणी धरून उभे आहेत. मी म्हटलं, "सर किती गंभीर दिसतात!"

काकू वाण देता देता सहज बोलून गेल्या, "गंभीर कायचे वं. दात दाखवाची लाज वाटे त्यायले. यायच्या गावचं पाणीच तसं. भल्ले पिवळे होते. डी.एड.ला पोट्टे चिडवत, म्हणे 'कवेलू हसला, पाणी गळलं.' नोकरी लागली तसे सारे काढून घेतले. एक नाई दुखे, एक नाई हाले. चांगले मजबूत दात, बत्तीसच्या बत्तीस काढले अन् कवळी बसवली."

तिळगुळाची वडी माझ्या हातात तशीच राहिली. म्हणजे हा माणूस स्वतः कवेलू. ज्या शब्दानं त्याला पोळलं, तोच शब्द यानं जपून ठेवला आणि आमच्या पोरांना वाटला. त्याला तरी तो शब्द बरोबरीच्यांकडून मिळाला होता, आमच्या पोरांना मास्तरांकडून मिळत होता, तोही प्रार्थनेनंतर. मोठ्या मनाचे लोक म्हणतील, बिचारा. मी घरी येईपर्यंत प्रयत्न केला. बिचारा म्हणवलं नाही.

सोनल तिसरीत गेली, चौथीत गेली. मोहरीएवढा ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, मग तुरीएवढा. ती एकाच बाजूनं खायला शिकली. तिची माय निर्मला दोनदा शाळेत आली. दोन्ही वेळा सरांनी तिला खुर्ची दिली, चहा पाजला आणि किरायदाराची गोष्ट सांगितली. ती बाई समाधानानं परत गेली. एवढा शिकलेला माणूस खुर्ची देऊन सांगतो आहे, तर खोटं कसं असेल?

चौथीच्या दुसऱ्या सत्रात सोनल तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा जबडा सुजून गाल टरारलेला, डोळा बारीक झालेला, अंगात ताप. सर म्हणाले, "किरायदार जाता जाता भांडण करते कधी कधी." मला तेव्हा जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. मी हजेरीवर रजा टाकली, निर्मलाताईला वावरातून बोलावलं आणि तिघी काळी-पिवळीत बसून पांढरकवड्याला गेलो.

त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पाहिलं, फोटो काढला, आणि टॉर्च खाली ठेवला.

"ही दाढ काढावी लागेल. मुळापर्यंत सडली आहे, खाली पू आहे. आधी औषध देते, सूज उतरली की काढू."

निर्मलाताई म्हणाली, "काढा ना बाई. दुधाचीच हाय. नवी येईन."

"कोण म्हणालं दुधाची?"

"सर म्हणे..."

"ताई, ही पक्की दाढ आहे. सहाव्या वर्षी येते, सगळ्यात मागून, एकही दात न पाडता. म्हणून लोकांना वाटतं दुधाची. ही आयुष्यभरासाठी एकदाच येते. हिच्या जागी दुसरी उगवत नाही." मग सोनलच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "हे पुढचे डाग आहेत ना बेटा, ती कीड नाही. पाण्याचे डाग आहेत. तुझ्या बाकीच्या दाढा किती छान आहेत. हिला लहान भोक होतं तेव्हा आली असतीस तर दहा मिनिटांत भरून दिली असती."

निर्मलाताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "मी आले होते तुमच्या शाळेत. दोन वर्षांपूर्वी. ही पोरगी कुठं होती त्या दिवशी?"

सोनल माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं ती कुठं होती, आणि कुणासोबत होती. शेवटी मीच म्हटलं, "शेतात गेलती." कुणी नेलं, ते नाही सांगितलं.

आठवड्यानं दाढ निघाली. मी शाळेत जाऊन सरांना सांगितलं, पक्की होती सर, दुधाची नव्हती. ते हजेरीपट भरत होते. ते मोत्यासारखं अक्षर क्षणभर थांबलं. मग म्हणाले, "बत्तीस असतेत मॅडम. एकच तं गेली." आणि पुढचं नाव लिहायला घेतलं. त्याच उन्हाळ्यात मी बदली मागून महागावला आले.

याला सहा वर्षं झाली. या वर्षी सरांच्या सेवापूर्तीचं आमंत्रण आलं. जाणार नव्हते, गेले. शाळेच्या मैदानात मांडव, शाल, श्रीफळ, केंद्रप्रमुखांचं भाषण. सरांनी गावाला दंतआरोग्याचं वळण लावलं म्हणे. मी रुमालात हसले. मग माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायला सोनल आत्रामचं नाव पुकारलं. दहावीला गेलेली, उंच झालेली, दोन वेण्या. ती स्टेजवर चढली तसे सर माइकवर ओरडले, "ह्या पोट्टीले म्या कवेलू म्हणत होतो! पाह्यना, कशी निघाली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना खरंच अभिमान वाटत होता.

सोनल माइकसमोर आली. तोंडावर हात नव्हता.

"सर आम्हाले दाताबद्दल लय शिकवत होते," ती म्हणाली. "सर म्हणत, दुधाचा दात म्हणजे किरायदार. तो जाते अन् घरमालक येते. सर, माहा किरायदार जाऊन सहा वर्षं झाले. मी रोज जिभेनं पाहतो. घरमालक अजून आला नाई."

मांडव हसला. पोरीनं गंमत केली, असं सगळ्यांना वाटलं. सर सगळ्यात मोठ्यानं हसले, पांढरेफेक. निर्मलाताई बायकांत बसली होती, ती हसली नाही. सोनलही हसली नाही, नुसती सरांकडे पाहत उभी राहिली. कितीतरी वेळ. सरांचं हसू हळूहळू कमी झालं. मग त्यांनी ओठ मिटले.

तेवढ्यात फोटोग्राफर पुढे आला. "सर, ताई, जवळ या. सर, हसा ना जरा." सर हसले नाहीत. ओठ घट्ट मिटून, तोंडात पाणी धरल्यासारखे, अंगावरची शाल मुठीत धरून उभे राहिले. लग्नाच्या फोटोत आहेत तसे. आणि सोनलनं कॅमेऱ्याकडे तोंड करून ओठ फाकवले. "ईऽऽ."

तिचे सगळे पिवळे-तपकिरी दात त्या फोटोत आले आहेत. मागची मोकळी जागासुद्धा दिसते, नीट पाहिलं तर. फोटो बाजूनं घेतला, म्हणून कडेला पहिल्या रांगेत मीही आहे. मान खाली.

गौरव अंकासाठी तो फोटो घेतलेला नाही, असं फोनवर कळलं. सर त्यात बरोबर आले नाहीत म्हणे.